न लपवलेली चोरी : ‘काइतो सेंट टेल’ आणि मुलींसाठीच्या कथनातील इच्छेचा प्रश्न

१

लोकप्रिय वाङ्मयाकडे पाहण्याच्या आपल्या समीक्षेला दोन सवयी जडलेल्या आहेत. त्याला ‘रंजन’ या कप्प्यात टाकून विषय संपवणे, ही एक. त्याला एखाद्या विचारव्यूहाचे लक्षण मानून, संहितेकडे फारसे न पाहता निदान सांगून मोकळे होणे, ही दुसरी. लहान मुलींसाठी निर्माण होणाऱ्या वाङ्मयाच्या वाट्याला या दोन्ही सवयी एकदमच येतात. ते क्षुल्लक असते म्हणून वाचायचे नसते, आणि ते मुलींना ‘घडवते’ म्हणून त्याचा निषेध करायचा असतो. परिणामी त्याची रचना कशी आहे, त्यातील संकेत कोठून आले आणि ते तेथे काय काम करतात, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

प्रस्तुत लेखात हे प्रश्न एका जपानी अ‍ॅनिमे मालिकेच्या संदर्भात विचारण्याचा प्रयत्न आहे. मेगुमी ताचिकावा यांची ‘काइतो सेंट टेल’ ही चित्रकथा कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या ‘नाकायोशी’ मासिकात १९९४ ते १९९६ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. १९५४ साली सुरू झालेले हे मासिक शाळकरी मुलींचे आहे. चित्रकथेवर आधारलेली त्रेचाळीस भागांची मालिका ओसामू नाबेशिमा यांच्या दिग्दर्शनाखाली टोकियो मूव्ही शिन्शा या स्टुडिओने केली आणि ती १२ ऑक्टोबर १९९५ ते १२ सप्टेंबर १९९६ या काळात जपानी दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपित झाली. पुढे ती घरगुती व्हिडिओच्या रूपात जपानबाहेरही पोहोचली. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत टोकियोपॉपने तिची उत्तर अमेरिकेतील आवृत्ती काढली.

कथानक थोडक्यात सांगता येते. मेइमी हानेओका ही चौदा वर्षांची मुलगी एका कॅथलिक शाळेत शिकते. तिची मैत्रीण सेइरा मिमोरी जोगीण होण्याची दीक्षा घेत आहे. शाळेच्या प्रार्थनागृहात लोक आपले दुःख सेइराजवळ बोलून दाखवतात : कोणाची वस्तू फसवून घेतलेली असते, कोणाची बळजबरीने. सेइरा ते मेइमीला सांगते, आणि मेइमी रात्री ‘सेंट टेल’ या चोराचे रूप धारण करून ती वस्तू चोरून मूळ मालकाला परत मिळवून देते. तिला पकडण्याची जबाबदारी असते तिच्याच वर्गातील आसुका ज्युनियर या मुलावर. तो गुप्तहेराचा मुलगा असून शहराच्या महापौरांनी त्याला तसा अधिकार दिलेला असतो. आणि सेंट टेल प्रत्येक चोरीची आगाऊ सूचना त्यालाच पाठवते.

या शेवटच्या तपशिलाकडे लक्ष वेधणे हा या लेखाचा हेतू आहे. चोर पूर्वसूचना का देतो? आणि चोर मुलगी असेल तर त्या सूचनेचे काय होते?

२

‘काइतो’ या जपानी शब्दाचा अर्थ निव्वळ ‘चोर’ असा नाही. साध्या चोराला ‘दोरोबो’ म्हणतात. ‘काइतो’मध्ये विलक्षणतेचा, गूढतेचा भाव आहे, तो चोर कमी आणि नट अधिक असतो. या पात्राची वंशावळ दुहेरी आहे. एकीकडे एदोच्या काळातील नेझुमी कोझो हा खराखुरा चोर. त्याला १८३२ साली देहान्ताची शिक्षा झाली आणि नंतर रंगभूमीने व कथनकारांनी त्याला गरिबांचा कैवारी करून टाकले. दुसरीकडे मॉरिस लब्लाँ या फ्रेंच लेखकाने १९०५ साली निर्माण केलेला आर्सेन ल्युपँ. १९३६ साली एदोगावा रांपो यांनी ‘शोनेन कुराबू’ या मुलांच्या मासिकात वीस चेहऱ्यांच्या चोराची कादंबरी लिहिली, तेव्हा ल्युपँचे जपानीकरण पूर्ण झाले असे म्हणता येईल.

पूर्वसूचनेचा संकेत या परंपरेतलाच आहे. ल्युपँ तुरुंगात असताना एका धनिक सरदाराला पत्र लिहून अमुक वस्तू पाठवून द्या, नाही तर अमुक रात्री मी त्या नेईन असे कळवतो. रांपोंचा चोरही असेच इशारे देतो. या पत्रांचे कार्य उघड आहे : ती आव्हाने आहेत. चोर आणि गुप्तहेर यांच्यातील संबंधाला ती द्वंद्वाचे स्वरूप देतात. चोरी मालमत्तेच्या पातळीवरून उचलली जाऊन बुद्धीच्या आणि प्रतिष्ठेच्या पातळीवर येते. हे द्वंद्व दोन पुरुषांमधील आहे, आणि चोरायची वस्तू ही त्यांच्या मधले केवळ निमित्त आहे.

या परंपरेत स्त्री चोर म्हणून आली ती अगदी वेगळ्या वाटेने. त्सुकासा होजो यांची ‘कॅट्स आय’ ही चित्रकथा १९८१ पासून मुलांच्या साप्ताहिकात येऊ लागली आणि १९८३ साली टोकियो मूव्ही शिन्शानेच तिची मालिका केली. तीन बहिणी आपल्या बेपत्ता चित्रकार वडिलांची विखुरलेली चित्रे चोरतात. त्यांतील एकीचा प्रियकर त्यांच्या मागावर असलेला पोलीस असतो. प्रेयसी आणि चोर एकच, हे सूत्र येथे सिद्ध झाले. परंतु या बहिणी ज्या नजरेसाठी रेखाटल्या आहेत ती वाचक मुलग्याची नजर आहे. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ च्या आपल्या निबंधात चित्रपटातील दृश्यसुखाविषयी जे म्हटले, त्याची उदाहरणे या मालिकेतून पानोपानी काढता येतील.

‘सेंट टेल’ हे सूत्र उचलते आणि ते मुलींच्या मासिकात आणून ठेवते. या स्थलांतरात पोशाख, वय, सूर हे सगळे बदलते. पण निर्णायक बदल होतो तो पूर्वसूचनेत. सूचना आता वस्तूच्या मालकाला किंवा पोलिसांना उद्देशून राहत नाही. ती एका विशिष्ट मुलाला उद्देशून लिहिली जाते, आणि आपल्याला पकडण्याचा अधिकार फक्त त्याचाच, असा करार त्या सूचनेत गृहीत असतो. अधिकार महापौरांनी दिला असे कथानक म्हणते, पण त्याला अर्थ येतो तो चोराच्या संमतीने. आव्हानाचे पत्र येथे नकळत प्रेमपत्राच्या जागी येऊन बसलेले आहे. त्यात प्रेमाचा एक शब्दही नसतो. ‘मी अमुक ठिकाणी असेन, तू ये’ एवढेच ते सांगते, आणि प्रेमपत्राचा किमान आशय तरी याहून अधिक कोठे असतो?

३

तथापि, ही मुलगी स्वतःसाठी काहीच चोरत नाही. प्रत्येक भागाची चौकट प्रॉपच्या लोककथेच्या रूपशास्त्रात चपखल बसते : दुष्कृत्य, त्यातून उत्पन्न झालेली उणीव, नायिकेचे प्रस्थान, उणिवेची भरपाई. चोरी ही येथे दुसरी चोरी असते. पहिली चोरी समाजमान्य माणसाने, बहुधा कायद्याच्या आडोशाने, केलेली असते. दुसऱ्या चोरीमुळे पहिली रद्द होते आणि जमाखर्च शून्यावर येतो.

या रचनेत सर्वांत विलक्षण स्थान आहे ते प्रार्थनागृहाचे. सेइरा धर्मगुरू नाही. तेव्हा तिच्यापुढे बोललेले दुःख हे कॅथलिक अर्थाने पापनिवेदन नव्हेच. शिवाय बोलणारे लोक पापी नसून पीडित आहेत. म्हणजे बाह्य आकार निवेदनाचा आहे, पण त्यातील संबंध उलटा झाला आहे. ‘लैंगिकतेचा इतिहास’ या ग्रंथाच्या १९७६ च्या पहिल्या खंडात फूकोने निवेदनाची जी मीमांसा केली, तीत ऐकणारा सत्ताधारी असतो आणि बोलणाऱ्याकडून सत्य काढून घेतले जाते. येथे ऐकणारी मुलगी सत्ताहीन आहे, आणि ऐकण्यामुळे बांधली जाते ती तीच. ऐकले म्हणून काहीतरी करणे भाग आहे, असे हे नीतिशास्त्र आहे.

मराठी वाचकाने येथे एक सावधगिरी बाळगणे इष्ट ठरेल. आपल्याकडे ‘कॉन्व्हेंट’ म्हटले की इंग्रजी माध्यम, प्रतिष्ठा, वसाहतवादी इतिहास आणि, गोव्याच्या संदर्भात, काही शतकांचा जिवंत धर्मानुभव हे सगळे मनात उभे राहते. जपानमध्ये ख्रिस्ती लोकसंख्येचे प्रमाण सुमारे एक टक्का आहे. या मालिकेतील जपमाळ, क्रूस, रंगीत काचांच्या खिडक्या ही सामाजिक वास्तवाची नव्हे, तर दूरच्या, सुंदर आणि गंभीर अशा कशाची तरी चिन्हे आहेत. शाळेचे ‘सेंट पॉलिया’ हे नाव तर आफ्रिकन व्हायोलेट या फुलझाडाच्या शास्त्रीय नावाशी तंतोतंत जुळते. त्याच ऑक्टोबर १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘शिन्सेइकी इव्हँगेलिऑन’ या सर्वस्वी भिन्न मालिकेनेही ख्रिस्ती प्रतिमांचा असाच मुक्त वापर केला, हे येथे नोंदवण्यासारखे आहे.

पण चिन्ह उसने आहे म्हणून ते पोकळ ठरत नाही. चोरीआधी प्रार्थना करणारी ही मुलगी पाहताना संस्कृत नाटकाच्या वाचकाला ‘मृच्छकटिका’तील शर्विलकाची आठवण होणे अपरिहार्य आहे. देवलांच्या नाटकामुळे तो मराठी रंगभूमीलाही परका नाही. शर्विलक कार्तिकेयाला वंदन करतो, जानव्याने भिंत मापतो, आणि सकाळी नगरजनांनी वाखाणावे म्हणून भगदाडाचा आकार विचारपूर्वक निवडतो. तो दागिने चोरतो ते मदनिकेला दास्यातून सोडवण्यासाठी. आणि ते दागिने ठेव म्हणून चारुदत्ताकडे आलेले असल्यामुळे त्याच्या चोरीचा परिणाम असा होतो की वसंतसेनेची वस्तू वसंतसेनेकडेच परत जाते. चोरीने वस्तू मूळ मालकाकडे पोहोचते ही कल्पना, आणि चोरी ही कोणाला तरी दाखवण्याची कृती आहे ही जाणीव, या दोन्ही गोष्टी शूद्रकाच्या नाटकात आहेत.

येथे प्रभावाचा प्रश्न नाही. मुद्दा तुलनेने उजळणाऱ्या भेदाचा आहे. शर्विलकाचे भगदाड हे घटनेनंतरचे निवेदन आहे आणि त्याचा प्रेक्षक सगळे नगर आहे. सेंट टेलची चिठ्ठी घटनेपूर्वीची आहे आणि तिचा वाचक एकच आहे. शर्विलक आपली इच्छा जाणतो : त्याला मदनिका हवी आहे, आणि परतफेड हा त्याच्या कृतीचा अनपेक्षित परिणाम आहे. सेंट टेलच्या बाबतीत क्रम नेमका उलटतो. परतफेड हा तिचा जाहीर हेतू आहे, आणि इच्छा हा त्याचा कबूल न केलेला परिणाम. पुरुष चोराला ‘मला हवे आहे’ म्हणता येते. मुलगी चोराला ‘दुसऱ्याला हवे आहे’ असे म्हणतच घराबाहेर पडता येते. या कथनप्रकाराचा मध्यवर्ती प्रश्न हाच आहे : हवेपणाचा दोष अंगाला लावून न घेता मुलीने काही हवेसे कसे वाटून घ्यावे?

४

या प्रश्नाला मालिका जे उत्तर देते ते जादूच्या द्वारे. पण ही जादू कोणती?

जपानी अ‍ॅनिमेत १९६६ च्या ‘माहोत्सुकाइ सॅली’पासून जादूकन्येची मोठी परंपरा आहे, आणि १९९२ साली ‘नाकायोशी’तूनच पुढे आलेल्या ‘सेलर मून’ने तिला जगभर नेले. तिच्यातील जादू बहुधा दैवी, परग्रही किंवा जन्मजात असते. सेंट टेलची जादू मात्र रंगमंचावरच्या जादूगाराची आहे : उंच हॅट, छडी, फुगे, अदृश्य होणे, एक-दोन-तीन म्हणणे. तिचे वडील व्यावसायिक जादूगार आहेत. आपल्याजवळ कोणतीही क्लृप्ती वा यंत्रणा नाही, असे जपानी जादूगार प्रयोगापूर्वी ठरावीक शब्दांत सांगतो. त्यातला ‘ताने’ हा शब्द म्हणजे शब्दशः ‘बीज’. प्रयोगाचे गुपित या अर्थाने तो वापरला जातो. सेंट टेल हेच ठरावीक बोल देवाला उद्देशून उच्चारते आणि आपल्याजवळ क्लृप्ती नाही याबद्दल त्याची क्षमा मागते.

हे वाक्य वरवर पाहता गमतीचे आहे. जादूगाराच्या तोंडी ते खोटे असते, आणि ते खोटे आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते. सगळी मौज त्या संगनमतात असते. मुलीच्या तोंडी ते प्रार्थना झाल्यामुळे खरे ठरणे भाग आहे, कारण प्रार्थनेत खोटे बोलता येत नाही. मग क्षमा कशाची? क्लृप्ती नसण्याची. म्हणजे आपण जे करतो आहोत ते युक्तीच्या आवाक्यापलीकडचे आहे, हा काहीसा उद्धटपणा आहे, असे ती कबूल करते. क्षमायाचनेच्या आवरणाखाली येथे सामर्थ्याचा उच्चार होतो.

परंतु या वाक्याला आणखी एक पातळी आहे, आणि ती माध्यमाशी निगडित आहे. रंगमंचावरची जादू दोन अटींवर उभी असते : प्रेक्षकाने एकाच कोनातून पाहावे, आणि क्षण पुन्हा येऊ नये. रेखाटलेल्या चित्रपटात पहिली अट निरर्थक असते. तेथे पक्षी हॅटमधून निघतो तो चित्रकाराने काढला म्हणून. लपवण्यासारखे काही नसतेच. दुसरी अट घरगुती व्हिडिओने मोडली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कॅसेट घरात आली आणि प्रेक्षकाला फीत थांबवण्याची, मागे नेण्याची, एकेक चित्र पाहण्याची मुभा मिळाली. जादूगाराच्या दृष्टीने यासारखी आपत्ती नाही. पण सेंट टेलची फीत कितीही वेळा मागे घेऊन थांबवली तरी सापडणारच नाही अशी एक गोष्ट आहे : क्लृप्ती. ‘बीज’ नाही हे तिचे म्हणणे अ‍ॅनिमेशनच्या बाबतीत अक्षरशः खरे आहे.

याचा कथनावर होणारा परिणाम महत्त्वाचा आहे. ‘हे कसे केले?’ हा रहस्यकथेचा प्रश्न येथे बाद होतो. ‘कोणी केले?’ हाही होतो, कारण प्रेक्षक मुलीला ते पहिल्या भागापासून ठाऊक असते. उरतो तो एकच प्रश्न : ‘त्याला केव्हा कळणार?’ रहस्यकथेचा सांगाडा शाबूत ठेवून तिच्यातील रहस्य घटनेकडून ज्ञानाकडे सरकवलेले आहे. गुपित वस्तूत नाही, युक्तीत नाही. ते दोन व्यक्तींमधील अंतरात आहे.

घरगुती व्हिडिओ या अंतराचे स्वरूप बदलतो. साप्ताहिक प्रक्षेपणात एक भाग आणि दुसरा भाग यांच्यामध्ये सात दिवस असतात. रूपांतराचे तेच दृश्य आठवड्याने पुन्हा भेटते तेव्हा ते ओळखीचे वाटते. एका कॅसेटवर वा डिस्कवर अनेक भाग सलग पाहताना त्याच दृश्याची आवर्तने एकमेकांना लागून येतात. अशी दृश्ये साठवून पुन्हा वापरण्याची पद्धत जपानी दूरचित्रवाणी अ‍ॅनिमेत १९६३ च्या ‘तेत्सुवान आतोमू’पासून रुळलेली आहे आणि तिचे मूळ कारण शुद्ध आर्थिक आहे. त्यामुळे सलग पाहणाऱ्या प्रौढ समीक्षकाला ती काटकसर डोळ्यांत खुपते. परंतु लहान मुलीचे पाहणे वेगळे असते. लहान मूल गोष्ट ऐकताना तेच शब्द त्याच क्रमाने यावेत असा आग्रह धरते, आणि कॅसेटने तो आग्रह पुरवण्याचे साधन प्रथमच तिच्या हाती दिले. आवर्तनामुळे रूपांतर ही घटना न राहता विधी होतो. विधीत नवे काही घडावे अशी अपेक्षा नसते. तो आपल्या हातून पुन्हा घडावा अशी असते.

येथे एक विरोधाभासही नजरेआड करता येत नाही. वस्तू मूळ मालकाला परत द्यावी, वस्तूचे मोल तिच्याशी जोडलेल्या आठवणीत असते, असे सांगणारी ही कथा स्वतः विकत घेण्याजोगी, संचातील सर्व खंड जमवण्याजोगी वस्तू बनते. जादूकन्येच्या कथनप्रकाराचे खेळण्यांच्या बाजारपेठेशी असलेले नाते सर्वज्ञात आहे. पण यावरून कथेतील मूल्यविचार ढोंगी ठरतो असे मानणे घाईचे होईल. मालकी आणि आपुलकी यांतील फरक शिकवणारी गोष्ट मालकीच्या वस्तूच्या रूपातच हाती येते, ही केवळ या मालिकेची नव्हे, तर मुद्रणोत्तर काळातील समग्र बालवाङ्मयाचीच स्थिती आहे.

५

आता या मालिकेवरील सर्वांत गंभीर आक्षेपाकडे वळू. स्त्रीवादी समीक्षेच्या अंगाने असे म्हणता येईल की मुलीला दिलेले हे सामर्थ्य अखेर काढून घेण्यासाठीच दिलेले आहे. शेवटी आसुका ज्युनियरला तिची ओळख पटते आणि चोराला पकडणे हे प्रेमाच्या स्वीकाराचे रूप घेते. ‘पकडली जाणे’ हेच जर मुलीच्या साहसाचे फलित असेल, तर साहस हा लग्नाकडे जाणारा लांबचा रस्ता तेवढा ठरतो.

या आक्षेपाला मालिकेतच एक दुजोरा आहे. मेइमीची आई एइमी ही तरुणपणी स्वतः चोर होती आणि तिचे नाव होते ‘ल्यूसिफर’. जादूगाराशी भेट झाल्यावर तिने चोरी सोडली आणि ती गृहिणी झाली. म्हणजे मेइमीकडे दोन वारसे आहेत : वडिलांची समाजमान्य जादू आणि आईची निषिद्ध चोरी. आईचे नाव पतित देवदूताचे आणि मुलीचे संताचे. एका पिढीत ज्याला पतन म्हटले गेले, तेच कौशल्य दुसऱ्या पिढीत पवित्र करून घेतले आहे. आणि आईची कथा जेथे संपली तेथेच मुलीचीही संपणार, असा संकेत या समांतर रचनेत आहे.

हा दुजोरा मान्य करूनही प्रस्तुत लेखकाला आक्षेप अपुरा वाटतो, आणि त्याचे कारण पुन्हा पूर्वसूचनेतच आहे. पकडले जाणे ही येथे नायिकेवर कोसळणारी घटना नाही. कोणी पकडायचे, कोठे यायचे, केव्हा यायचे, हे सगळे तिनेच लिहून कळवलेले असते. पाठलागाची सूत्रे पाठलाग होणाऱ्याच्या हाती आहेत. मल्व्हींच्या मांडणीत पाहणारा पुरुष कर्ता आणि पाहिली जाणारी स्त्री कर्म असते. येथे पाहिली जाणारी मुलगी स्वतःच दृश्याची वेळ ठरवते, आणि पाहणारा मुलगा तेथे आमंत्रणावरून आलेला असतो. शिवाय पाहूनही त्याला ती दिसत नाही. वर्गात शेजारी असलेली, ज्याच्याशी रोज भांडण होते अशी मुलगी आणि छपरावरची चोर यांतील अभेद त्याला ओळखता येत नाही.

याचे दुःखही तिच्याच वाट्याला येते. आसुका ज्युनियरच्या मनात सेंट टेल भरलेली आहे हे मेइमीला कळते, तेव्हा तिला स्वतःचाच हेवा वाटू लागतो. प्रेमाचा त्रिकोण दोनच माणसांत पूर्ण होतो. मुखवट्यामागून जे बोलता आले ते मुखवट्याच्याच नावे जमा होते. मुखवटा काढला तर तो फसवणूक मानेल ही भीती आहे, आणि न काढला तर त्याचे प्रेम आपल्याला कधीच पोहोचणार नाही. किशोरवयातील मुलीला ‘चांगली मुलगी’ आणि ‘हवेसे वाटणारी मुलगी’ अशा दोन भूमिकांत जे विभागले जाते, त्याचे याहून नेमके रूपक लोकप्रिय वाङ्मयात क्वचितच सापडेल. म्हणून अखेरची ओळख हा शरणागतीचा क्षण न ठरता दोन नावे एका व्यक्तीत परत येण्याचा क्षण ठरतो. त्रेचाळीस भाग इतरांच्या वस्तू परत केल्यावर नायिकेला स्वतःची एक वस्तू परत मिळते : तिचा चेहरा.

६

हे विधान तपासून पाहण्यासाठी थोड्याच काळानंतरच्या एका संहितेशी तुलना उपयोगी पडते. आरिना तानेमुरा यांची ‘कामिकाझे काइतो जान’ ही चित्रकथा शुएइशाच्या ‘रिबोन’ मासिकात १९९८ ते २००० या काळात आली, आणि १९९९-२००० मध्ये तोएइ या स्टुडिओने तिची चव्वेचाळीस भागांची मालिका केली. तिची नायिका मारोन कुसाकाबे ही जोन ऑफ आर्कचा पुनर्जन्म आहे. ती चित्रांमध्ये वास करणाऱ्या सैतानांना बुद्धिबळाच्या मोहऱ्यांत बंदिस्त करते, आणि जगाला ती चोरी वाटते. तिच्या मागावर असते तिची जिवलग मैत्रीण मियाको, गुप्तहेराची मुलगी.

येथे जादूगाराची हॅट गेली आणि खरोखरचे देवदूत आले. देव हे चिन्ह न राहता पात्र बनले, आणि त्याबरोबर ‘क्लृप्ती नाही’ या वाक्यातील संदिग्धता मावळली. तथापि, एका बाबतीत ही संहिता अधिक धीट आहे. मारोनचे आईवडील परदेशी निघून गेलेले आहेत आणि ती रोज पत्रपेटी उघडून त्यांचे पत्र आले का ते पाहते. इतरांना सूचनापत्रे पाठवणाऱ्या मुलीची स्वतःची पेटी रिकामी असते. ‘सेंट टेल’मध्ये जे सूचित राहिले ते येथे उघड बोलले जाते : पूर्वसूचना ही उत्तराची अपेक्षा असते. चोर होणे हा कोणीतरी आपल्या मागावर असावे, आपल्याला शोधावे, यासाठी केलेला प्रयत्न असतो.

‘सेंट टेल’ची मर्यादाही याच तुलनेत स्पष्ट होते. तिचे जग फार लवकर समतोलावर येते. फसवणूक झालेला माणूस न्यायालयात का जात नाही, महापौर आणि पोलीस असूनही न्याय एका शाळकरी मुलीवर का सोपवला जातो, हे प्रश्न ती विचारत नाही. प्रत्येक अन्याय एका वस्तूच्या आकाराचा असतो आणि ती वस्तू परत मिळताच संपतो. न्याय ही संस्थांची जबाबदारी न राहता खासगी सौजन्य होते. मुलींना परोपकाराचे शिक्षण देणाऱ्या बऱ्याच वाङ्मयाप्रमाणे येथेही परोपकार राजकारणाची जागा घेतो. हा दोष केवळ बालवाङ्मय म्हणून माफ करण्याजोगा नाही. ‘मृच्छकटिका’त चोराची कथा राज्यक्रांतीच्या कथेत गुंफलेली आहे, आणि शर्विलक आपल्या मित्राला तुरुंगातून सोडवायला धावतो, हे विसरता येत नाही.

असे असले तरी या मालिकेने जे साधले त्याचे मोल कमी होत नाही. पुरुषी द्वंद्वाच्या परंपरेतून आलेला पूर्वसूचनेचा संकेत तिने उचलला आणि त्याच्या साहाय्याने, इच्छा उघड बोलण्याची मुभा नसलेल्या वयाला इच्छेचे एक व्याकरण मिळवून दिले. या व्याकरणात ‘मला हवे’ हे वाक्य नाही. पण ‘मी अमुक वेळी तेथे असेन’ हे आहे. ते वाक्य मुलीने स्वतःच्या हाताने लिहिलेले असते आणि कोणाला पाठवायचे हे तिनेच ठरवलेले असते. अशा संहितांना क्षुल्लक म्हणून बाजूला ठेवणारी समीक्षा आणि घातक म्हणून त्यांचा निषेध करणारी समीक्षा, या दोघींनीही ती चिठ्ठी उघडून पाहिलेली नाही. ती उघडणे हे समीक्षेचे किमान कर्तव्य आहे. तिच्यात काय लिहिले आहे त्याविषयीचे मतभेद त्यानंतरचे.